तित्तराची साद आणि पारध्याचा संयम

गंगाखेड म्हटले की गोदावरीचा घाट आणि संत जनाबाई आठवतात. गावाच्या दक्षिणेला मात्र बालाघाटाचे डोंगर-माळ सुरू होतात आणि तेथील पहाट तित्तराची असते. ‘का-तीतर, का-तीतर’ ही त्याची साद. नावही त्या आवाजावरूनच पडले असावे. (यजुर्वेदाच्या तैत्तिरीय शाखेची कथा याच पक्ष्यापाशी येते : याज्ञवल्क्यांनी ओकून टाकलेले मंत्र इतर शिष्यांनी तित्तर होऊन टिपले.)

या सादेवर शिकार साधण्याची विद्या फासेपारध्यांची. पाळलेला नर तित्तर पिंजऱ्यासह माळावर ठेवायचा, भोवती फासांची रांग रोवायची आणि आडोशाला बसून राहायचे. पिंजऱ्यातला ओरडला की त्या टापूचा धनी असलेला नर चवताळून धावत येतो. त्याला दाण्याचा लोभ नसतो. आपल्या हद्दीत कोणी परका शिरला, एवढेच त्याला सहन होत नाही.

परंतु तित्तर सर्वांत तावातावाने उत्तर देतो ते विणीच्या दिवसांत. साद जेव्हा हमखास फळते, नेमकी तेव्हाच ती पुढच्या पिढीच्या मुळावर येते.

माधव गाडगीळ आणि कैलाश मल्होत्रा यांनी १९८० च्या दशकाच्या आरंभी महाराष्ट्रातील भटक्या जमातींच्या शिकारीविषयी लिहिले. नंदीवाले कुत्र्यांच्या साहाय्याने रानडुक्कर व साळिंदर मारत, वैदू लहान मांसाहारी प्राणी धरत आणि फासेपारध्यांच्या वाट्याला काळवीट, मोर, तित्तर, लावे येत. फासात गाभण हरिणी किंवा पाडस सापडले तर फासेपारधी ते सोडून देत. हा दयेचा भाग नसावा. ज्याला पुढील वर्षी त्याच माळावर यायचे आहे, त्याचा तो हिशेब होता.

बंदूकवाल्या शौकिनांना असा हिशेब नव्हता. पावसाळ्यात नर तणमोर मादीला दिसावे म्हणून गवतावर उंच उड्या घेतो. ते त्याला त्या उडीतच टिपत.

तरीही गुन्हेगार ठरला तो पारधी. ब्रिटिश मुलखात १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याने माणसांवर जन्मतःच शिक्का मारण्याची रीत पाडली. तो कायदा ३१ ऑगस्ट १९५२ रोजी सुटला, शिक्का मात्र लोकांच्या मनात राहिला. पुढे १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा आला, १९९१ च्या दुरुस्तीने शिकारीचे परवानेही संपले. हे आवश्यकच होते. पण कोणत्या ऋतूत सादेला हात लावू नये हे ज्यांना ठाऊक होते, त्यांना कोणी विचारले नाही.

आता साद मोबाइलमध्ये आली आहे. छायाचित्रासाठी ती वाजवली की नर झुडपाबाहेर येतो, मान ताठ करून ओरडतो, न दिसणाऱ्या प्रतिस्पर्ध्याला शोधत राहतो आणि तेवढा वेळ त्याचे खाणे, राखण सारे थांबते. पिंजऱ्यातला तित्तर निदान दमून गप्प बसत असे.