चिखलातले फायबरचे जहाज

लंडनच्या फेनचर्च स्ट्रीट स्टेशनवरून गाडी पकडली की तासाभराच्या आत ली-ऑन-सी येते. बेनफ्लीट सोडल्यावर डाव्या हाताला टेकडीवर हॅडली किल्ल्याचे पडके बुरूज दिसतात, उजवीकडे थेम्सच्या मुखाचा चिखल. कॉन्स्टेबलने ह्या किल्ल्याचे चित्र १८२९ साली काढले. आम्ही उभयता मात्र किल्ल्यासाठी निघालो नव्हतो. एक प्लॅस्टिकची युद्धनौका बघायची होती. सौ.ला ही गोष्ट मी गाडी सुटल्यावर सांगितली.

ओल्ड ली म्हणजे एकच अरुंद रस्ता, आणि त्यावर कॉकल विकणाऱ्या शेड्स. कॉकल म्हणजे आपल्या तिसऱ्यांची चुलत भावंडे. इथे व्हिनेगर शिंपडून खातात. "ओलं खोबरं घालायला हवं होतं," एवढाच सौ.चा अभिप्राय! पुढे चालत गेले की एसेक्स यॉट क्लबचे ते जहाज दिसते: एच. एम. एस. विल्टन. ओहोटी होती, त्यामुळे बाईसाहेब चिखलात बसल्या होत्या. क्लब सभासदांसाठीच आहे. माझा एक जुना सहकारी सभासद असल्याने आम्हांला आत जाता आले.

विल्टन साउदॅम्प्टनच्या वूल्स्टन भागात वॉस्पर थॉर्निक्रॉफ्टने बांधली आणि १९७३ साली ती ब्रिटिश नौदलात दाखल झाली. लांबी सुमारे ४६ मीटर. फायबरग्लासची ही जगातली पहिली युद्धनौका. तिचे काम पाण्यातले सुरुंग शोधण्याचे, आणि पोलादी जहाज नुसते जवळ आले तरी चुंबकीय सुरुंग फुटतो. म्हणून पूर्वी अशी जहाजे लाकडाची असत. १९७४ साली सुएझ कालवा साफ करायला ही गेली होती. निवृत्तीनंतर तिचा क्लब झाला.

पण मला ओढ होती ती तिच्या बांधणीची. हँड ले-अप! साच्यात काचेचे कापड अंथरायचे, त्यावर पॉलिएस्टर रेझिन ओतायचे, रोलर फिरवून हवेचे बुडबुडे काढायचे, की वर पुढचा थर. थालीपीठ थापण्याइतकी साधी रीत. भोसरीच्या एका वर्कशॉपमध्ये माझी पहिली नोकरी ह्याच कामाची होती. काचेच्या कुसांनी अंगाला सुटणारी खाज आणि स्टायरिनचा वास, दोन्ही घरापर्यंत सोबत येत.

इंग्लंडला आल्यावर मी 'सुधारलो'. इन्फ्यूजन शिकलो: कोरडे कापड साच्यात रचायचे, वरून प्लॅस्टिकची पिशवी सीलबंद करायची, पंपाने हवा ओढली की रेझिन आपोआप आत पसरते. वास कोंडलेला राहतो, रेझिन कमी लागते, तंतूंचे प्रमाण वाढते, म्हणजे तेवढ्याच वजनात ताकद जास्त. पवनचक्क्यांची लांबलचक पाती अशीच बनतात. विमानाची तऱ्हा आणखी वेगळी. तिथे रेझिन आधीच मुरवलेले कार्बनचे कापड उणे १८ अंशांत साठवतात आणि मग ऑटोक्लेव्हमध्ये, म्हणजे घराएवढ्या प्रेशर कुकरमध्ये, १८० अंशांच्या आसपास आणि सात-एक पट वातावरणाच्या दाबाखाली शिजवतात. भाग उत्तम होतो, पण कुकरची किंमत विचारू नका. बेलफास्टला ए-२२० विमानाच्या पंखांसाठी दोन्हींचा मेळ घातला आहे: कोरडे कापड रचून रेझिन आत सोडायचे आणि वर ऑटोक्लेव्हचा दाब. पाइप असेल तर रेझिनमध्ये भिजलेला धागा फिरत्या दांड्यावर गुंडाळतात, शिडीची दांडी असेल तर तापलेल्या साच्यातून ओढून काढतात.

एका कारखान्यात (नाव नको) मी हँड ले-अप बंद करून इन्फ्यूजन आणण्याचा अहवाल लिहिला. त्यात जुन्या रीतीला 'मागासलेली' म्हटले होते. अहवाल मंजूर झाला आणि चौदा माणसांची कामे गेली. त्यातला एक वयस्कर कारागीर जाताना म्हणाला, "माझी चूक मला रोलरखाली दिसते. तुमची पिशवी उघडल्यावरच दिसेल." पुढे वर्षभरातच एका रात्री पिशवीला सुईएवढे भोक पडले, हवा शिरली, अर्धा साचा कोरडा राहिला. अख्खा भाग कचऱ्यात गेला. रोलरखाली तो बुडबुडा तिथल्या तिथे निघाला असता.

म्हणजे म्हातारा पूर्ण बरोबर होता असेही नाही. स्टायरिनच्या वाफा त्या माणसांच्याच फुप्फुसांत जात होत्या, आणि हातकामाचा दर्जा हातागणिक बदलतो. शुक्रवारी दुपारचा थर कसा असतो हे मी जाणतो. शंभर भाग एकसारखे हवे असतील तर आजही मी इन्फ्यूजनच सांगेन. पण विल्टन एकच करायची होती. एका जहाजासाठी महागडी यंत्रसामग्री कोण उभारणार? रोलर, बादल्या आणि माणसे पुरेशी होती.

जहाजाच्या पोटात, एका कपाटामागे, रंगाखाली कापडाची वीण अजून दिसते. एकच साचा असला की आतली बाजू खरखरीतच राहते. मी त्यावर हात फिरवत राहिलो. तो 'मागासलेली' शब्द मी अहवालातून कधी खोडला नाही.

"अहो, जहाज बघताय की भिंत?" सौ.ने वरून हाक मारली. "भरती आलीये, या लवकर!"

वर आलो तेव्हा चिखल दिसेनासा झाला होता. सहकाऱ्याने चहा मागवला होता, आणि सौ. त्याला तिसऱ्यांच्या सुक्याची कृती सांगत होती.