न वाचलेले अध्याय

२३ फेब्रुवारी २०२५, रविवार

आजच्या मिस्सात पहिलं वाचन माझ्याकडे होतं. शमुवेलच्या पहिल्या पुस्तकाचा सव्विसावा अध्याय. शौल राजा तीन हजार माणसं घेऊन दावीदाच्या जिवावर उठला आहे. रात्री दावीद आणि अबीशय त्याच्या छावणीत शिरतात. राजा झोपलेला, भाला उशाशी जमिनीत रोवलेला. अबीशय म्हणतो, देवानेच शत्रू तुझ्या हाती दिलाय, एकाच घावात संपवतो. दावीद त्याला अडवतो. भाला आणि पाण्याचा चंबू घेऊन दोघं निघून येतात. मग फादरांनी लूकचं शुभवर्तमान वाचलं: शत्रूवर प्रीती करा, शाप देणाऱ्याला आशीर्वाद द्या.

घरी आल्यावर पुढचा अध्याय काढला. तोच दावीद पलिष्ट्यांच्या आश्रयाला जातो, आसपासच्या वस्त्यांवर धाडी घालतो आणि मागे कोणी बातमी द्यायला उरू नये म्हणून ना पुरुष जिवंत ठेवतो ना स्त्री. शौल देवाचा अभिषिक्त होता म्हणून वाचला. त्या वस्त्यांमधल्या बायकांना कोणी अभिषेक केला नव्हता.

सत्ताविसावा अध्याय रविवारी वाचला जात नाही. बायबल वर्गातल्या एका कॉलेजच्या मुलाने मागच्या आठवड्यात विचारलं होतं, "टीचर, आपलं बायबल मारामारीच्या बाजूचं की विरुद्ध?" या उपासकाळात त्याचं उत्तर नीट शोधायचं. तेही दोन्ही अध्याय समोर ठेवून.

५ मार्च, राखेचा बुधवार

कपाळावर राख घेऊन आले आणि उत्पत्ती उघडलं. बायबलमधलं पहिलं मरण हे म्हातारपणाचं किंवा आजाराचं नाही. तो खून आहे, आणि सख्ख्या भावाने केलेला. हाबेलचं रक्त मातीतून ओरडतं आणि देव ते ऐकतो. पण पुढचं वाक्य आपण घाईने ओलांडतो: देव काइनवर खूण करतो, ती त्याला कोणी मारू नये म्हणून. शिक्षा होते, तो परागंदा होतो, पण त्याच्याही जिवाला हात लावायची कोणाला परवानगी नाही.

काही पिढ्यांनी लामेख येतो. आपल्या दोन बायकांसमोर तो बढाई मारतो की मला जखम करणाऱ्याला मी ठार केलं, काइनचा सूड सातपट तर माझा सत्त्याहत्तरपट. सहाव्या अध्यायात जलप्रलयाचं कारणच दिलं आहे: पृथ्वी हिंसेने भरून गेली होती. या पार्श्वभूमीवर मोशेच्या नियमशास्त्रातला डोळ्याबद्दल डोळ्याचा नियम वाचला, की तो सूडाचा हुकूम न राहता सूडाला घातलेली मर्यादा होतो. एका डोळ्यासाठी एकच डोळा, अख्खं घराणं नव्हे. पुढे येशू तीही मर्यादा ओलांडायला सांगतो, मात्र दुसऱ्या दिशेने. भावाला सातदा क्षमा करू का, असं पेत्र विचारतो, तेव्हा येशूच्या उत्तरात लामेखचेच सात आणि सत्तर परत येतात. लामेखने ते सूडासाठी मोजले होते, येशू क्षमेसाठी मोजतो.

२३ मार्च, रविवार

आज लूकचा तेरावा अध्याय. पिलाताने काही गालीलकरांना मंदिरात कापलं आणि त्यांचं रक्त त्यांच्याच यज्ञबळींच्या रक्तात मिसळलं, ही खबर लोक येशूला सांगतात. मेले ते जास्त पापी होते का? येशू स्पष्ट नाही म्हणतो. मारल्या गेलेल्यांनी काहीतरी केलंच असेल, असं प्रत्येक दंगलीनंतर आपल्याकडेही कुजबुजलं जातं.

आजचीच तारीख, १९८०. एल साल्वादोरचे आर्चबिशप ऑस्कर रोमेरो यांनी रविवारच्या प्रवचनात सैनिकांना थेट आवाहन केलं की तुम्ही तुमच्याच शेतकरी भावांना मारत आहात. देवाच्या आज्ञेविरुद्ध असलेला हुकूम पाळायला कोणीही बांधलेला नाही. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी इस्पितळाच्या चॅपेलमध्ये मिस्सा चालू असताना त्यांना गोळी घातली. यज्ञाच्या वेदीपाशी सांडलेलं रक्त. २०१८ मध्ये त्यांना संत घोषित केलं गेलं.

३० मार्च, रविवार

आज राहवत नाही म्हणून सविस्तर लिहिते.

पहिलं वाचन यहोशवाच्या पाचव्या अध्यायातलं होतं. इस्राएल लोक यरीहोच्या मैदानात वल्हांडण सण पाळतात, त्या देशाच्या धान्याची भाकर खातात आणि मान्ना थांबतो. वाचन तिथे संपतं. सहाव्या अध्यायात तटबंदी कोसळते आणि शहरातले पुरुष, स्त्रिया, तरुण, म्हातारे, गुरंढोरं सगळं तलवारीने कापलं जातं. वाचतं ते फक्त राहाब वेश्येचं कुटुंब. आम्ही जेवणापर्यंत गेलो आणि परतलो.

चर्चच्या प्रार्थनेतून गाळलेल्या आणखी जागा आहेत. धर्मगुरू रोज म्हणतात त्या प्रहरांच्या प्रार्थनेतून ५८, ८३ आणि १०९ ही स्तोत्रं अख्खी वगळली आहेत. १३७व्या स्तोत्राचा शेवटही गाळला आहे. बाबेलच्या बाळांना खडकावर आपटणाऱ्याला धन्य म्हणणारा तो शेवट. गाळणाऱ्यांचा हेतू मला समजतो. पण हे शब्द राजवाड्यात बसून लिहिलेले नाहीत. ज्यांचं शहर जळलं, ज्यांना गुलाम करून नेलं, त्यांचा हा आक्रोश आहे. त्यांनी आपला सूड देवापुढे शब्दांत मांडला. असा राग प्रार्थनेत बोलता आला, तर तो हातात दगड घेऊन बाहेर पडायची शक्यता कमी होते, असं मला मनापासून वाटतं.

यरीहोचं काय? कॅथलीन केन्यन यांनी १९५२ ते १९५८ या काळात तिथे उत्खनन केलं. यहोशवाचा म्हणून मानल्या जाणाऱ्या काळातलं तटबंदीचं शहर त्यांना सापडलं नाही. खुद्द बायबलमध्ये यहोशवाच्या पाठोपाठ शास्ते हे पुस्तक येतं आणि समूळ नष्ट झालेले कनानी लोक तिथे शेजारी म्हणून नांदताना दिसतात. म्हणजे त्या कत्तली वर्णनात आहेत तशा झाल्या नसाव्यात, असं पुष्कळ अभ्यासक मानतात. मला यातून दिलासा मिळतो, पण पुरेसा नाही. अमालेकी लोकांची तान्ही मुलंसुद्धा मारा, हा हुकूम शमुवेलच्या पंधराव्या अध्यायात देवाच्या तोंडी आहे. माझा देव असं बोलत नाही, हे मी येशूकडे बघून म्हणते, आणि ते पान गिळून टाकायला नकार देते.

कारण ज्यांच्या हाती सत्ता होती, त्यांनी ही पानं बरोबर शोधून काढली. २६ मे १६३७ रोजी न्यू इंग्लंडमधल्या इंग्रज प्युरिटनांनी मिस्टिक नदीकाठचं पीक्वॉट आदिवासींचं तटबंदीचं गाव पेटवलं. शेकडो माणसं जळाली. त्यांत बायका आणि मुलं होती. त्या मोहिमेतला कॅप्टन जॉन अंडरहिल पुढच्या वर्षीच्या आपल्या पुस्तकात, ख्रिस्ती माणसाने दया दाखवायला नको होती का, हा प्रश्न स्वतःच उपस्थित करतो आणि उत्तरादाखल दावीदाच्या युद्धाकडे बोट दाखवतो. गेल्या महिन्यात मी व्यासपीठावरून ज्याच्या दयेचं वाचन केलं, तोच दावीद.

आणि फार लांब जायला नको. लूकच्या चौदाव्या अध्यायात मेजवानीचा दाखला आहे. यजमान चाकराला सांगतो, रस्त्यावरच्या लोकांना आग्रहाने आत आण, माझं घर भरू दे. पाचव्या शतकाच्या सुरुवातीला संत ऑगस्टीन यांनी उत्तर आफ्रिकेतल्या डोनाटिस्ट पंथाला वठणीवर आणण्यासाठी सरकारी बळ वापरायला या दाखल्याचा आधार घेतला. भुकेल्यांच्या पंगतीची गोष्ट जबरदस्तीचं कलम झाली. गोव्यात १५६० मध्ये इन्क्विझिशन स्थापन झालं, ते १८१२ मध्ये कायमचं बंद झालं. देवळं पाडली गेली, घरातल्या जुन्या चालीरीतींसाठी लोकांना कोठडी मिळाली. आमच्या वसईवर १५३४ पासून १७३९ पर्यंत पोर्तुगीजांचं राज्य होतं. माझ्या पूर्वजांचा बाप्तिस्मा त्याच दोनशे वर्षांतला. श्रद्धा, भीती, जमीन, सोयरीक हे सगळं त्यात एकत्र असणार. चिमाजी आप्पांनी किल्ला घेतल्यावर इथल्या चर्चच्या घंटा देशावर गेल्या. नाशिकला नारोशंकराच्या मंदिरात आणि भीमाशंकरला त्या आजही दिसतात. घंटा गेल्याची खंत आमच्याकडे पिढ्यान्‌पिढ्या सांगतात. पाडलेल्या देवळांचीही तितक्याच आस्थेने सांगायला हवी.

पोप जॉन पॉल दुसरे यांनी १२ मार्च २००० रोजी रोममध्ये जाहीर क्षमायाचना केली. सत्याच्या सेवेच्या नावाखाली वापरलेल्या हिंसेचाही तिच्यात उल्लेख होता. बायबल वर्गाला पुढच्या वेळी हे सगळं वाचून दाखवणार आहे.

६ एप्रिल, रविवार

योहानाचा आठवा अध्याय. व्यभिचारात धरलेली बाई आणि तिच्याभोवती दगड घेतलेले पुरुष. लेवीय पुस्तकाप्रमाणे दोघांनाही शिक्षा आहे, पण पुरुषाला कोणी धरून आणलेलं नाही. सर्वांत जुन्या हस्तलिखितांत हा प्रसंग सापडत नाही. तरी चर्चने तो टाकला नाही, याचं मला समाधान आहे. येशू तिथे नियमाचा अर्थ सांगत बसत नाही. तो दगड हातात घेतलेल्या प्रत्येकाला स्वतःकडे बघायला लावतो.

९ एप्रिल, बुधवार

जर्मन पाद्री दीत्रिख बोनहोफर यांना फ्लोसेनबुर्गच्या छळछावणीत फाशी देऊन आज ८० वर्षं झाली. १९३४ मध्ये त्यांनी जमलेल्या ख्रिस्ती मंडळ्यांसमोर शांतीसाठी कळकळीने भाषण केलं होतं. अहिंसा शिकायला त्यांना गांधीजींकडे यायचं होतं, गांधीजींचं निमंत्रणही आलं होतं. येणं झालं नाही. पुढे हिटलरला उलथवण्याच्या कटात ते सामील झाले.

वर्गात यावर वाद होतो. पौल रोमकरांच्या पत्रात बाराव्या अध्यायात सांगतो की वाइटाची फेड वाइटाने करू नका, शत्रूला भूक लागली तर जेवू घाला. लगेच तेराव्यात तलवार हाती असलेल्या सत्ताधाऱ्याला तो देवाचा सेवक ठरवतो. कितीतरी राजांनी फक्त तेरावा अध्याय वाचला. हिटलरच्या काळात जर्मनीतल्या पुष्कळ पाद्र्यांनीही तेच केलं. बोनहोफर यांच्याबद्दल मला मोलाचं वाटतं ते हे, की आपल्या कृत्याला त्यांनी धर्मयुद्ध म्हटलं नाही. लाखो लोक मारले जात असताना हात स्वच्छ ठेवून बसणं हाही दोषच, म्हणून हा दोष मी पत्करतो, अशी त्यांची भूमिका होती. मी त्यांच्या जागी काय केलं असतं, याचं उत्तर देण्याचा अधिकार वसईत सुखाने राहणाऱ्या मला नाही. पण ज्याला तलवार उचलताना काहीच दुखत नाही, त्याने बोनहोफर यांचं नाव घेऊ नये.

१३ एप्रिल, झावळ्यांचा रविवार

यंदा लूकचं दुःखसहन वाचलं गेलं. शेवटच्या भोजनानंतर येशू म्हणतो, ज्याच्याकडे तलवार नाही त्याने झगा विकून ती घ्यावी. शिष्य म्हणतात, इथे दोन आहेत. तो म्हणतो, पुरे. सशस्त्र ख्रिस्ती धर्माचं समर्थन करणारे हाच भाग पुढे करतात. पण त्याच रात्री, त्याच अध्यायात तलवार चालते, महायाजकाच्या चाकराचा कान तुटतो. येशू थांबवतो आणि कानाला हात लावून बरा करतो. अटकेपूर्वीचा त्याचा शेवटचा चमत्कार शत्रूच्या माणसासाठी आणि स्वतःच्या शिष्याने केलेली जखम भरण्यासाठी आहे. याहून स्पष्ट उत्तर मला बायबलमध्ये कुठे दिसलं नाही.

क्रुसावरून तो मारणाऱ्यांसाठी क्षमा मागतो, तेव्हा मला ग्लॅडिस स्टेन्स आठवतात. जानेवारी १९९९ मध्ये ओडिशातल्या मनोहरपूर गावी त्यांचे पती ग्रॅहम आणि दोन मुलगे, दहा वर्षांचा फिलिप आणि सहा वर्षांचा टिमथी, गाडीत झोपलेले असताना जिवंत जाळले गेले. त्यांनी मारेकऱ्यांना क्षमा केल्याचं जाहीर केलं आणि मुलीसह बारीपद्यात राहून कुष्ठरुग्णांची सेवा चालू ठेवली. खटला चालला, शिक्षा झाली. क्षमेने न्यायाच्या वाटेत अडथळा आणला नाही.

१८ एप्रिल, गुड फ्रायडे

आज योहानाचं दुःखसहन. तलवार चालवणारा पेत्र, कान तुटलेला मल्ख, अशी दोघांची नावं फक्त योहान देतो. पण याच वाचनात "यहूदी" जमावाचा उल्लेख पुन्हापुन्हा येतो, आणि युरोपात शतकानुशतकं हा आठवडा यहूद्यांसाठी भीतीचा असायचा. ख्रिस्ती लोक चर्चमधून बाहेर पडून त्यांच्या वस्त्यांवर चालून जायचे. येशू, त्याची आई, सगळे शिष्य यहूदी होते, याचा विसर पडून. गुड फ्रायडेच्या प्रार्थनेतला यहूद्यांसाठीचा अपमानकारक शब्द पोप जॉन तेविसावे यांनी १९५९ मध्ये काढला. १९६५ मध्ये व्हॅटिकन परिषदेने जाहीर केलं की ख्रिस्ताच्या मृत्यूचा दोष तेव्हाच्या सर्व यहूद्यांवर किंवा आजच्या यहूद्यांवर टाकता येत नाही. हे व्हायला दुसऱ्या महायुद्धातला सहा दशलक्ष यहूद्यांचा संहार मागे घडून जावा लागला. आज वाचनाआधी फादरांनी चार वाक्यांत ही गोष्ट सांगितली. दरवर्षी सांगावी.

२१ एप्रिल, सोमवार

दुपारी बातमी आली, पोप फ्रान्सिस गेले. कालच ते बाल्कनीत आले होते. त्यांचा ईस्टर संदेश दुसऱ्यांनी वाचून दाखवला. खऱ्या निःशस्त्रीकरणाशिवाय शांती शक्य नाही, असं त्यात होतं. २०१७च्या जागतिक शांती दिनाचा त्यांचा संदेश तर पूर्ण अहिंसेवरच होता, आणि त्यात गांधीजींबरोबर खान अब्दुल गफार खान यांचंही नाव होतं. २०२० मध्ये त्यांनी लिहिलं की आजच्या शस्त्रांच्या काळात न्याय्य युद्धाचे जुने निकष लावणं फार कठीण झालं आहे. ऑगस्टीन यांच्यापासून चालत आलेल्या विचाराला पोपने इतक्या उघडपणे प्रश्न केला, याचा मला अभिमान वाटतो.

संध्याकाळी वर्गातला तो मुलगा घरी आला. त्याला मी सांगितलं की बायबलमध्ये दोन्ही आवाज आहेत आणि आपण ज्याच्या नावाने ख्रिस्ती म्हणवतो त्याने गेथशेमाने बागेत त्यांतला एक निवडला. त्याचं समाधान झालेलं दिसलं नाही. "मग यहोशवा काढून का टाकत नाहीत?" त्याने विचारलं. काढून टाकला तर अंडरहिलला कोणत्या पानावर थांबवायचं ते आपल्याला कळणार नाही, मी म्हणाले. त्यावर तो बराच वेळ बोलत होता.

ठरलं असं: पुढच्या बैठकीत यहोशवाचा सहावा अध्याय तो मोठ्याने वाचणार, आणि त्याच्या पाठोपाठ मी प्रेषितांच्या कृत्यांचा सातवा. स्तेफनला दगडमार होतो, मारणाऱ्यांचे कपडे शौल नावाचा एक तरुण सांभाळत उभा असतो, आणि मरता मरता स्तेफन त्या सगळ्यांसाठी क्षमा मागतो.