फोटो राहिले, नावं गेली



आज राजकारणावर नाही, माझ्याच एका चुकीवर लिहितोय. हसलात तरी चालेल, पण शेवटपर्यंत वाचा. कारण हीच चूक तुमच्या गावात, तुमच्या संस्थेतही कुठेतरी होत असणार.

2019 च्या ऑगस्टमधला महापूर आठवतोय ना? कृष्णा-पंचगंगेचं पाणी उतरायला लागलं तसा मी मोटरसायकल काढून गावोगाव फिरलो. पडलेल्या घरांचे फोटो काढले, घरमालकांची नावं वहीत लिहिली, आणि ऑफिसात येऊन सगळं कॉम्प्युटरवर भरलं. एकूण 412 घरं. कुणाचं घर, कुठलं गाव, कुठला फोटो, सगळं एका डेटाबेसमध्ये. पंचनाम्यात नाव सुटलेली माणसं नंतर कित्येक वर्षं प्रिंट न्यायला यायची. आमचा पेपर लहान, पण या एका कामाचा मला अभिमान होता. वही मात्र 2021 च्या जुलैमध्ये ऑफिसातच पाणी शिरलं तेव्हा गेली. तेव्हाही म्हटलं, जाऊ दे, कॉम्प्युटरवर आहे ना!

मागच्या जूनमध्ये एका संध्याकाळी लाइट गेली. यूपीएसची बॅटरी केव्हाच मेली होती, 'बदलू, बदलू' म्हणत राहिलो होतो. मशीन धाडकन बंद. लाइट आल्यावर विंडोज सुरू झालं, पण डेटाबेस काही उठेना. चार वेळा रीस्टार्ट केलं. मग यूट्यूब बघून डिस्क दुरुस्तीची कमांड चालवली. शेवटी वैतागून मशीन तसंच चालू ठेवून घरी गेलो. काळजी कसली? डी ड्राइव्हला रोज रात्री कॉपी होत होती.

इथंच फसलो. डी ड्राइव्ह म्हणजे वेगळी डिस्क नव्हे, त्याच डिस्कचा दुसरा कप्पा. आणि रात्री दोन वाजता कॉपीच्या प्रोग्रामनं आपलं काम चोख केलं. कालची चांगली फाइल पुसली आणि तिच्या जागी आजची बिघडलेली ठेवली.

सकाळी पुण्यात सॉफ्टवेअरमध्ये असलेल्या भाच्याला फोन लावला. तो म्हणाला, "मामा, पहिलं मशीन बंद करा. आता एक बटणसुद्धा दाबू नका." शनिवारी तो आला.

त्यानं काय केलं ते सांगतो, कारण ते सगळ्यांना माहीत पाहिजे. त्यानं डिस्क काढून दुसऱ्या मशीनला लावली आणि दुरुस्तीला हात लावण्याआधी डीडीरेस्क्यू नावाच्या प्रोग्रामनं अख्ख्या डिस्कची नक्कल घेतली. हा प्रोग्राम आधी जेवढं सहज वाचता येतं तेवढं उचलतो आणि खराब जागांवर नंतर पुन्हा पुन्हा प्रयत्न करतो. मूळ डिस्क त्यानं पाकिटात घालून कपाटात ठेवली. पुढचं सगळं काम नकलेवर.

मायएसक्यूएलला फोर्स रिकव्हरी नावाची एक सेटिंग असते, 1 ते 6. आकडा वाढवाल तसा डेटाबेस जास्त चुकांकडे डोळेझाक करून उठतो. पण 4 किंवा त्याहून वर गेलात तर डेटा कायमचा बिघडू शकतो, म्हणून तर आधी नक्कल. आमचा 4 वर उठला. मग त्यानं एकेक टेबल बाहेर काढलं. जिथं अडकायचं तिथं नोंदींच्या नंबरांचे तुकडे पाडले. 1 ते 50 आलं, 51 ते 100 अडकलं, तर 51 ते 60 बघ, असं. पहाटे तीनपर्यंत चाललं.

बातम्या जवळपास सगळ्या आल्या. पुराच्या 412 नोंदींपैकी 287 आल्या. 125 गेल्या. फोटो मात्र सगळे शाबूत होते, कारण ते वेगळ्या फाइली म्हणून पडून होते. फोटोच्या फाइलीत तारीख आणि वेळ असते. घर कुणाचं, ते नसतं.

पुढच्याच आठवड्यात एक मावशी आल्या. त्यांचं प्रकरण अजून अपिलात अडकलंय, त्यांना घराचा फोटो पाहिजे होता. त्यांचं नाव त्या 125 मध्ये. काय सांगू, तोंड दाखवायला जागा नव्हती. त्यांना खुर्ची दिली आणि एकेक फोटो दाखवत गेलो. बऱ्याच वेळानं त्या म्हणाल्या, "थांब. हा कट्टा माझ्या सासऱ्यांनी बांधलेला." शेजारच्या दोघांनी ओळख पटवून सह्या दिल्या. अपिलाचा निकाल अजून यायचाय, पण फोटो फायलीला लागला.

हे फक्त माझ्यासारख्या अडाण्याचंच होतं असं समजू नका. 2009 च्या जानेवारीत अमेरिकेतली मॅग्नोलिया ही वेबसाइट अशीच बुडाली. लोक तिथं आपल्या आवडीच्या लिंक साठवायचे. डेटाबेस बिघडला आणि बॅकअपमध्येही तोच बिघाड उतरला. दक्षिण कोरियात 26 सप्टेंबर 2025 ला डेजॉनच्या सरकारी डेटा सेंटरला बॅटरीमुळे आग लागली. तिथं सरकारी कर्मचाऱ्यांच्या फाइली ठेवायची जी-ड्राइव्ह नावाची व्यवस्था होती, 858 टेराबाइटची. तिचा बाहेर कुठेच बॅकअप नव्हता, कारण आकार फार मोठा. सगळं जळालं.

म्हणून माझं म्हणणं एवढंच. तुमची ग्रामपंचायत, पतसंस्था, दूध संस्था, शाळा, जिथं तुमचं नाव कॉम्प्युटरमध्ये आहे, तिथं तीन प्रश्न विचारा. बॅकअप वेगळ्या डिस्कवर आणि वेगळ्या इमारतीत आहे का? कालचा पुसून आजचा ठेवताय, की मागचेही ठेवताय? आणि तो उघडून शेवटचा कधी बघितला? 'बॅकअप आहे की' एवढ्या उत्तरावर उठू नका. मीही वर्षानुवर्षं तेच म्हणत होतो. सरकारी कार्यालय असेल तर रेकॉर्ड नीट जपणं हे माहिती अधिकार कायद्याच्या कलम 4 नुसार त्यांचं कामच आहे. ग्रामसभेत बिनधास्त विचारा.

मावशींनंतर मी गावोगाव निरोप धाडले. लोक आले, घरं ओळखली, शेजाऱ्यांचीही सांगितली. 125 पैकी 94 नावं परत लागली. 31 फोटो अजून बिननावाचे आहेत. पूरग्रस्त गावातले असाल तर ऑफिसात या, बघा. चहा माझ्याकडून.

आता तीन कॉप्या आहेत. एक भाच्याकडे पुण्यात. आणि दर महिन्याच्या एक तारखेला मी त्यातली एक स्वतः उघडून बघतो.