बायकोचं कॉलेज आणि माझी एक्सेल शीट

गेले तीन शनिवार इथे काही लिहिलं नाही. दोघा-तिघांनी मेल करून चौकशी केली, त्यांचे आभार. आजारी वगैरे नव्हतो, एका एक्सेल शीटमध्ये अडकलो होतो. बावीस ओळी, चौदा कॉलम, प्रत्येक कॉलमला वजन, शेवटी एकूण गुण आणि त्यावर हिरवा-पिवळा-लाल रंग. बायकोने फिजिकल थेरपीची डिग्री कुठल्या कॉलेजातून करावी हे ती शीट ठरवणार होती. ठरवलं शेवटी बायकोनेच, आणि तेही शीटमध्ये नसलेल्या कॉलमवरून. पण ते पुढे.

आधी थोडी पार्श्वभूमी. बायको फिजिओथेरपिस्ट आहे. बीपीटीएच, साडेचार वर्षं (त्यातले सहा महिने इंटर्नशिप), नाशिकच्या आरोग्य विज्ञान विद्यापीठाची डिग्री, २०१९ ची बॅच. नंतर तीन वर्षं पुण्यात एका क्लिनिकमध्ये नोकरी. २०२२ मध्ये आमचं लग्न झालं आणि ती माझ्यामागे एच-४ व्हिसावर न्यू जर्सीला आली. आल्यावर माझ्या कागदांवर 'सीनियर डेव्हलपर' आणि तिच्या कागदांवर 'डिपेंडंट'. पुण्यात लोक तिची वेळ मिळावी म्हणून थांबायचे, इथे लायसन्सशिवाय कुणाच्या गुडघ्याला उपचार म्हणून हात लावणं बेकायदेशीर.

हे कुठल्याही मराठी घरी जेवायला गेल्यावर सांगितलं की वरण-भाताबरोबर उपाय वाढले जातात. "हेल्थ इन्फर्मेटिक्स कर की." "टेस्टिंगचा कोर्स घे, तीन महिन्यांत लागशील." सल्ला देणारी माणसं चांगली असतात हो. ही हसून ऐकून घ्यायची आणि परत येताना गाडीत एक शब्द बोलायची नाही.

पुढे माझं आय-१४० मंजूर झालं, तिला वर्क परमिट मिळालं आणि तिने घराजवळच्या एका क्लिनिकमध्ये 'एड' म्हणून काम धरलं. एड म्हणजे हॉट पॅक आणून देणं, टेबल पुसणं, टॉवेलच्या घड्या घालणं. त्याला लायसन्स लागत नाही. "कशाला करतेस हे?" असं मी एकदा विचारलं होतं. "निदान पेशंट दिसतात," म्हणाली.

आता अमेरिकेतली भानगड. इथे फिजिकल थेरपिस्ट व्हायचं तर डीपीटी, म्हणजे डॉक्टर ऑफ फिजिकल थेरपी, ही डिग्री लागते. पूर्वी बॅचलर्स चालायचं, मग मास्टर्स झालं. क्रेटन विद्यापीठाने १९९३ मध्ये पहिला सुरुवातीपासूनचा डीपीटी अभ्यासक्रम सुरू केला, आणि २०१६ पासून केप्टी या मान्यता देणाऱ्या संस्थेने सगळ्यांनाच डीपीटी सक्तीचं केलं. साधारण तीन वर्षं, तेही आधीच्या पदवीनंतर. (आपल्याकडे फिजिओंनी नावाआधी 'डॉ.' लावावं की नाही यावर सप्टेंबर २०२५ मध्ये दिल्लीहून एक पत्र निघालं आणि लगेच मागेही घेतलं गेलं. सासरेबुवांनी त्या दोन दिवसांत मला व्हॉट्सअॅपवर अकरा बातम्या पाठवल्या.)

परदेशात शिकलेल्यांना दुसराही रस्ता आहे. आपल्या डिग्रीचं मूल्यमापन करून घ्यायचं, इथल्या अभ्यासक्रमाच्या तुलनेत जे कमी पडेल ते भरून काढायचं आणि एनपीटीई ही लायसन्सची परीक्षा द्यायची. वर्षातून चार वेळा होते, २०० ते ८०० च्या मापावर ६०० ला पास, आणि आयुष्यात एकूण सहाच प्रयत्न. राज्याराज्यांचे नियम वेगळे. पुष्कळ भारतीय फिजिओ याच रस्त्याने लायसन्स मिळवतात.

मला अर्थातच हा रस्ता आवडला. कमी पैसे, कमी वेळ. शॉर्टेस्ट पाथ! आणि त्याच्या शेजारीच शीटमध्ये एक रत्न सापडलं: एका विद्यापीठाचा ऑनलाइन डीपीटी, कालावधी दीडेक वर्ष, फी बाकीच्यांच्या पाव. माझ्या शीटमध्ये तो तीन दिवस पहिल्या नंबरावर, हिरवागार. मी उत्साहात अर्जाची फीदेखील भरून टाकली. रात्री हिने ते पान उघडलं, खालपर्यंत वाचलं आणि लॅपटॉप माझ्याकडे वळवला. "हा पोस्ट-प्रोफेशनल आहे. ज्यांच्याकडे आधीच लायसन्स आहे त्यांच्यासाठी. हा करून मला परीक्षेला बसता येत नाही." त्यांनी ते स्वच्छ लिहिलं होतं. मीच वाचलं नव्हतं. माझ्या चौदा कॉलमांमध्ये 'लायसन्स मिळतं का' हा कॉलमच नव्हता! कॅम्पसच्या हवामानाचा मात्र होता.

म्हणून कुणी या फंदात पडणार असाल तर पहिलं काम हे करा. केप्टीच्या यादीत तो अभ्यासक्रम आहे का ते बघा. नावात डीपीटी असून उपयोग नाही, केप्टी फक्त एंट्री-लेव्हलवाल्यांनाच मान्यता देते. पोस्ट-प्रोफेशनल कोर्स वाईट असतात असं नाही, काहींना मूल्यमापनात कमी पडलेले क्रेडिट त्यातून मिळवता येतात. पण 'कोर्स केला आणि लायसन्स मिळालं' असा त्याचा अर्थ नाही.

दुसरा कॉलम पडला तो रँकिंगचा. त्याला मी तीस टक्के वजन दिलं होतं. (इंजिनीअरिंगची अॅडमिशन घेतलेल्या माणसाला कटऑफ आणि रँक याशिवाय कॉलेज मोजताच येत नाही.) मग एका रात्री यूएस न्यूजची रँक कशी काढतात ते वाचलं. बाकीच्या कॉलेजांतल्या डीन आणि विभागप्रमुख मंडळींना विचारतात की या कॉलेजला एक ते पाचमध्ये किती द्याल. बस्स, तेवढंच! फी, निकाल, शिकवणं, काही नाही. म्हणजे आपल्याकडे लग्नात 'मुलाकडचे कसे आहेत' हे शेजाऱ्यांना विचारतात तसं. तीस टक्क्यांचे पाच केले.

निकालाचे आकडे मात्र उपयोगी निघाले, कारण केप्टी प्रत्येक कॉलेजला ते वेबसाइटवर टाकायला लावते. तिथेही मेख आहे. परीक्षेच्या निकालाचे दोन आकडे असतात, पहिल्या प्रयत्नातला आणि 'अल्टिमेट', म्हणजे कितव्याही प्रयत्नात का होईना पास झालेले. जाहिरातीत दुसरा असतो. आणि त्याच्या शेजारी, किती मुलं मुळात डिग्रीपर्यंत पोचली हा आकडा बघायचा. एखाद्या कॉलेजात चाळीस घेतले, दहा मधेच गळले आणि उरलेले तीसही पास झाले, तर निकाल शंभर टक्के! आमच्या भाषेत, पडलेल्या टेस्ट केस डिलीट केल्या की बिल्ड हिरवाच. दोन कॉलेजं या एका कारणाने खाली गेली.

अर्जांची कटकट थोडक्यात सांगतो. पीटीकॅस नावाच्या एकाच पोर्टलवरून बहुतेक कॉलेजांना अर्ज जातात. ट्रान्स्क्रिप्टसाठी सासरेबुवा सांगलीहून एसटीने नाशिकला म्हसरूळला जाऊन आले, दोनदा. आणि कॉलेजातली केमिस्ट्री पाहिजे म्हणून बारावीनंतर दहा वर्षांनी बायको इथल्या कम्युनिटी कॉलेजात अठरा वर्षांच्या पोरांबरोबर बसून मोल मोजत होती. ए ग्रेड मिळाली. मला आजही मोल समजलेला नाही.

एवढं सगळं चालू असताना माझ्या डोक्यातून तो शॉर्टेस्ट पाथ जात नव्हता. घराच्या डाउन पेमेंटसाठी आम्ही पैसे साठवत होतो. तीन वर्षांची डिग्री म्हणजे बऱ्याच ठिकाणी नुसती फीच एक लाख डॉलरच्या पुढे, आणि एच-४ वाल्यांना सरकारी शैक्षणिक कर्ज नाही. एका रविवारी मी शीटमध्ये नवीन टॅब उघडून तिला दाखवायला गेलो की मूल्यमापनाच्या रस्त्याने गेलो तर किती वाचतात. सगळं समजावून सांगितलं. तिने शांतपणे ऐकलं आणि म्हणाली,

"इथे यायचं ठरवताना मी कुठली शीट केली होती रे?"

यावर बोलण्यासारखं काही नव्हतं. मी लॅपटॉप बंद केला आणि भांडी घासायला घेतली.

रात्री तिने आपणहून सांगितलं. महिन्याभरापूर्वी क्लिनिकमध्ये एक गृहस्थ खांदा दुखतो म्हणून आले होते. डॉक्टरची चिठ्ठी नाही, सरळ आले. (इथे पन्नासही राज्यांत कमी-जास्त प्रमाणात असं थेट जाता येतं.) थेरपिस्टने खांदा सगळ्या दिशांनी हलवून बघितला, तर कुठेच दुखेना. मग विचारलं, नक्की दुखतं कधी? तर म्हणे जिना चढताना. व्यायाम-बियाम राहिला बाजूला, तिने लगेच रुग्णवाहिका बोलावली. "पुण्यात माझ्याकडे चिठ्ठी यायची, 'शेक आणि व्यायाम, दहा दिवस'. मी ते मन लावून करायचे. पण पहिलं कोण बघणार, हा खांद्याचा पेशंट आहे की हृदयाचा, हे ठरवायची जबाबदारी माझी नव्हती. मी परीक्षा पास होईनही. पण त्या बाईच्या जागी मी असते तर मी त्यांना हॉट पॅक लावला असता. मला हे नीट शिकायचंय, तीन वर्षं लागली तरी."

मूल्यमापनाचा टॅब मी त्याच रात्री उडवला.

राहिल्या सरळ डीपीटीच्या ओळी. त्यात एक दोन वर्षांचा हायब्रिड होता, लेक्चरं घरी आणि प्रॅक्टिकलला काही दिवस कॅम्पसवर. वर्षभराची फी नाही तरी घरभाडं वाचतं. तो मी अगदी शेवटी काढला, आणि कारण मीच होतो. माझी नोकरी गेली तर साठ दिवस. त्यात दुसरी मिळाली नाही तर माझा एच-१ जातो, तिचा एच-४ जातो, वर्क परमिटही जातं. अशा वेळी तिला स्टुडंट व्हिसावर जाता आलं पाहिजे, म्हणजे निदान तिचं शिक्षण तरी चालू राहील. आणि स्टुडंट व्हिसाला ऑनलाइन वर्ग फारच थोडे चालतात. 'माझी नोकरी गेली तर' असं कॉलमचं नाव टाइप करायला मला दोन दिवस लागले.

शेवटी दोन ठिकाणचे प्रवेश हातात होते. एक बड्या रँकचं खासगी, घरापासून पाच तास. दुसरं सरकारी विद्यापीठ, चाळीस मिनिटं, रँकमध्ये बरंच खाली. शीटचं उत्तर खासगी, अडीच गुणांनी.

बायकोने दोन्हीकडच्या दुसऱ्या वर्षाच्या मुलींना फोन केले आणि एकच प्रश्न विचारला: "क्लिनिकलला तुला कुठे पाठवलं?" पूर्णवेळ क्लिनिकल किमान तीस आठवडे असतं. पगार नाही, उलट फी चालूच. एकीला तीन राज्यं ओलांडून पाठवलं होतं, दोन घरांचं भाडं भरत होती. सरकारीवालीच्या तिन्ही जागा तासाभराच्या आत होत्या, त्यातली एक स्ट्रोकच्या पेशंटची.

पण तिचं खरं ठरलं ते मुलाखतीतच, असं आता सांगते. खासगीत विचारलं, फिजिकल थेरपी हे क्षेत्र का निवडावंसं वाटलं. सरकारीत एका प्राध्यापिकेने विचारलं, "पुण्यातल्या तुझ्या एखाद्या पेशंटबद्दल सांग." हिने सदाशिव पेठेतल्या आजींचं सांगितलं. पॅरालिसिसनंतर तिसऱ्या मजल्यावर अडकलेल्या, जुना वाडा, लिफ्ट नाही, लाकडी जिना, पायऱ्या एकसारख्या नाहीत. आजींना फक्त खाली अंगणात येऊन बसायचं होतं. त्या बाईंनी पुढे वीस मिनिटं त्या जिन्यावरच प्रश्न विचारले. कठडा कुठल्या बाजूला होता, कमजोर बाजू कुठली, उतरताना आधी कुठला पाय, घरचे कुठे उभे राहायचे.

"तीन-साडेतीन वर्षांत मला पहिल्यांदा कुणीतरी फिजिओ समजून बोललं," म्हणाली.

मी याचा कॉलम करणार नाही, असं तिला वचन दिलंय.

बड्या रँकला नाही म्हणताना माझा हात थोडा जड झाला, खोटं कशाला बोलू. या देशात फिजिकल थेरपिस्टला पगार चांगला आहे (मे २०२४ च्या सरकारी आकड्यांत मध्यम वार्षिक पगार लाख डॉलरच्या आसपास), आणि गंमत म्हणजे ग्रीन कार्डासाठी त्यांची वेगळी यादी आहे, नर्सेस आणि फिजिकल थेरपिस्ट यांना लेबर सर्टिफिकेशन लागत नाही. भारतीयांची रांग तेवढीच लांब, तो भाग वेगळा. पण न जाणो, उद्या कुठल्यातरी फॉर्मवर तिच्या नावापुढे मीच डिपेंडंट असेन. तिने याची प्रिंट काढून फ्रिजवर लावायची धमकी दिली आहे.

गेल्या रविवारी रात्री डिपॉझिट भरलं, परत न मिळणारं. मग माझ्या आईचा फोन आला, तिला सांगितलं. "म्हणजे परत तेच शिकणार का गं?" आईने विचारलं.

"हो आई, तेच. अॅनाटॉमीपासून."

"बरं. मग त्याला स्वयंपाक शिकव आधी."

उन्हाळ्यात वर्ग सुरू होतात. शीट अजून आहे, त्यात आता घरखर्चाचा टॅब आहे आणि डाउन पेमेंटची ओळ चार वर्षं खाली सरकवली आहे. आज सकाळपासून बायको जुनी अॅनाटॉमीची वही शोधते आहे, ती बहुधा सांगलीला माळ्यावर असावी. मी कुकर लावलाय. शिट्ट्या किती, हे विचारायला उठतो.