प्रवेशपत्र हातात, शिष्यवृत्ती प्रतीक्षा यादीत



निकालाचा हंगाम आला की जळगाव-धुळ्याची मुलं कागदांची पिशवी घेऊन आमच्याकडे येतात. पूर्वी त्यांचा प्रश्न असायचा, "फॉर्म कुठे भरू?" आता प्रश्न बदलला आहे. "तीन ठिकाणी नाव लागलंय, कुठे जाऊ?" ही प्रगती आहे आणि तिचा आम्हाला अभिमान आहे. पण सुखवस्तू घरात हा प्रश्न आवडीचा असतो, आपल्या घरात तो तारखांचा असतो. फी भरायची तारीख आधी येते, शिष्यवृत्तीची यादी नंतर लागते. मधल्या काही आठवड्यांत आपल्या पोरांचं पुढचं आयुष्य ठरतं, आणि नेमके त्याच आठवड्यांत फायनान्सवाले दारात उभे असतात.

२०२५ च्या उन्हाळ्यातलं एक उदाहरण घेऊ. धुळ्याच्या एका वस्तीतली मुलगी. वडील बाजार समितीत हमाल, आई चार घरची धुणीभांडी करते. मुलीने समाजशास्त्रात बी. ए. केलं, गुण चांगले. तिच्यापुढे तीन कागद होते. पहिला, जळगावच्या कवयित्री बहिणाबाई चौधरी उत्तर महाराष्ट्र विद्यापीठात एम. ए. चा प्रवेश. दुसरा, पुण्यातल्या एका खासगी संस्थेची प्रतीक्षा यादी. तिसरा, लंडनच्या एका विद्यापीठाचं प्रवेशपत्र, एक वर्षाचा अभ्यासक्रम, फी आणि राहण्याचा खर्च मिळून तीस लाखांच्या पुढे.

पुण्याहून एके दिवशी फोन आला, "जागा रिकामी झाली आहे, उद्या संध्याकाळपर्यंत पैसे भरा." घरात आनंदीआनंद. आम्ही एकच प्रश्न विचारायला लावला: हा प्रवेश कोणत्या फेरीतला? उत्तर आलं, संस्था स्तरावरची फेरी. इथेच खरी मेख असते. केंद्राच्या पोस्ट मॅट्रिक शिष्यवृत्तीच्या नियमांत व्यवस्थापन कोटा आणि स्पॉट प्रवेश बसत नाहीत. म्हणजे प्रतीक्षा यादीतून जागा मिळते, पण शिष्यवृत्ती हातची जाते. तीच खुर्ची, तोच वर्ग, तेच प्राध्यापक. फरक एवढाच की पूर्ण फी आता हमालाच्या पाठीवर. तो कागद आम्ही बाजूला ठेवला.

लंडनचा कागद बाजूला ठेवणं एवढं सोपं नव्हतं. मुलीला जातीवर अभ्यास करायचा आहे. केंद्राच्या राष्ट्रीय परदेशी शिष्यवृत्तीतून २०२२ साली भारतीय संस्कृती, वारसा, इतिहास आणि भारतावरचे सामाजिक अभ्यास हे विषय वगळण्यात आले. ९ मे १९१६ रोजी बाबासाहेबांनी कोलंबिया विद्यापीठात ‘कास्ट्स इन इंडिया’ हा निबंध वाचला. या नियमाखाली त्यांचा अर्ज छाननीतच बाद झाला असता! इंजिनिअरिंगला जा, चालेल. पण जातीचा अभ्यास परदेशात जाऊन करू नका, असाच याचा अर्थ नाही का?

ज्यांचे विषय नियमात बसले, त्यांचं काय झालं? जुलै २०२५ मध्ये त्याच योजनेची यादी लागली. निवड झाली १०६ जणांची, पण सुरुवातीला पत्रं मिळाली फक्त ४० जणांना. उरलेल्या ६६ जणांना सांगण्यात आलं, निधी उपलब्ध झाला तर बघू. गुणवत्तेच्या यादीत नाव लागूनही पैशांसाठी प्रतीक्षा यादी! राज्याच्या राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्तीत २०२४ साली दहावी-बारावीपासून ७५ टक्क्यांची अट घालण्यात आली होती. विद्यार्थी आणि संघटनांनी आवाज उठवल्यावर ती मागे घ्यावी लागली. २०१८ मध्ये टाटा सामाजिक विज्ञान संस्थेच्या विद्यार्थ्यांना फी सवलतीसाठी संप करावा लागला. हे अपघात नाहीत. दार उघडं दाखवायचं आणि उंबरठा वाढवत न्यायचा, अशी ही पद्धत आहे.

मग कर्ज काढायचं का? मुलीच्या आईने अहिराणीत विचारलं, "येवढं कर्ज कोन फेडी, भाऊ?" आम्ही वहीवर हिशोब मांडला. तीस लाखांचं कर्ज, दहा टक्के सरळव्याज, एक वर्ष शिक्षणाचं आणि एक वर्ष सवलतीचं. हप्ता सुरू होईपर्यंतच ३६ लाख होतात. दहा वर्षांत फेडायचे तर दरमहा सुमारे ४७,५०० रुपये, एकूण ५७ लाख. शिवाय साडेसात लाखांच्या वर बँका साधारणपणे तारण मागतात. अतिक्रमणाच्या जागेवरच्या घराला उतारा नसतो, मग तारण काय ठेवणार? बँकेने नाही म्हटलं की माणूस खासगी फायनान्सकडे जातो, तिथे व्याज आणखी चढं.

उसाच्या फडावर मुकादमाची उचल घेतलेला माणूस पुढच्या हंगामाचा मालक राहत नाही, हे आपल्या खान्देशात कुणाला सांगायला नको. अशीच उचल डोक्यावर घेऊन परतलेली मुलगी जातीवर संशोधन करील, की जी पहिली नोकरी मिळेल ती धरील?

आम्ही हे बोललो तेव्हा चळवळीतल्याच काही मित्रांनी आम्हाला सुनावलं, "पोरीचे पंख छाटता? बाबासाहेब कर्ज काढून शिकले नाहीत का?" या प्रश्नाला उत्तर द्यायला हवं.

बाबासाहेब १९१३ साली अमेरिकेला गेले ते बडोदा संस्थानच्या शिष्यवृत्तीवर, महिना साडेअकरा पौंड, आणि परतल्यावर दहा वर्षं संस्थानची नोकरी करण्याचा करार करून. १९१७ मध्ये शिष्यवृत्तीची मुदत संपली तेव्हा लंडनचा अभ्यास अर्धवट होता. त्यांनी काय केलं? वाटेल ते कर्ज काढून तिथेच राहिले नाहीत. लंडन विद्यापीठाकडून चार वर्षांच्या आत परत येऊन अभ्यास पुरा करण्याची परवानगी घेतली आणि भारतात आले. बडोद्यात अपमान सोसला, मुंबईत सिडनहॅम कॉलेजात शिकवलं, पगारातून पैसे साठवले. शाहू महाराजांची मदत आणि मित्र नवल भथेना यांच्याकडून घेतलेले ५,००० रुपये घेऊन ते १९२० मध्ये पुन्हा लंडनला गेले. १९२३ मध्ये डी. एस्सी. झाले.

म्हणजे बाबासाहेबांनी कर्ज घेतलं, पण आधी साठवलं, जागा राखून ठेवली, आणि घेतलं ते मित्राकडून. थांबणं म्हणजे हरणं नव्हे. आज परदेशी विद्यापीठं पुढच्या वर्षापर्यंत जागा राखण्याची विनंती बऱ्याचदा मान्य करतात. मागायला लाज कसली?

त्या मुलीने तेच केलं. लंडनची जागा वर्षभर राखून मागितली, ती मिळाली. जळगावला एम. ए. ला नाव घातलं आणि पोस्ट मॅट्रिकचा अर्ज भरला. शाहू महाराज शिष्यवृत्तीच्या ७५ जागांत नाव लागलं तर ती जाईल. नाही लागलं तर पुढे पीएच. डी. साठी पुन्हा अर्ज करील. आईचं मंगळसूत्र मात्र गहाण पडणार नाही.

पण मित्रांनो, हे उत्तर अर्धंच आहे. दर वेळी आपल्याच पोरांनी का थांबायचं? २९ ऑक्टोबर १९४२ रोजी बाबासाहेबांनी व्हाईसरॉय लिनलिथगो यांना निवेदन दिलं आणि अस्पृश्य विद्यार्थ्यांसाठी उच्च शिक्षणाचा पैसा सरकारी तिजोरीतून मागितला, परदेशी शिक्षणाचा सुद्धा. १९४४ पासून पोस्ट मॅट्रिक शिष्यवृत्ती सुरू झाली. ती भीक नाही, लढून मिळवलेला हक्क आहे. म्हणून आपली पहिली मागणी साधी असावी: शिष्यवृत्तीची यादी प्रवेशाच्या फीच्या तारखेआधी लागली पाहिजे आणि नाव लागलं की पैसे मिळालेच पाहिजेत.

दुसरं काम आपलं स्वतःचं. नोकरीला लागलेल्या शंभर जणांनी महिना एक हजार रुपये बाजूला काढले तर वर्षाला बारा लाख होतात. यातून लंडनची फी भरता येणार नाही, पण अनामत रक्कम, व्हिसा, विमानाचं तिकीट, वसतिगृहाचा पहिला हप्ता नक्की भरता येईल. शिष्यवृत्ती आली की पैसे परत, बिनव्याजी, लेखी. दान नको, उसनवारी निधी हवा. नवल भथेना एकच मिळाला म्हणून बाबासाहेबांचं काम झालं. आपल्याला प्रत्येक तालुक्यात भथेना हवेत.

दरवर्षी ३१ जुलैला धुळ्याजवळ लळिंगच्या लांडोर बंगल्यावर हजारो लोक जमतात, कारण १९३७ साली एका खटल्यासाठी धुळ्यात आलेले बाबासाहेब तिथे थांबले होते. ते वकील म्हणून आले होते, त्याच लंडनमध्ये घेतलेल्या बॅरिस्टरकीच्या बळावर. जुलैअखेर हीच प्रवेशाची धांदल असते. तिथे अभिवादनाच्या फलकांशेजारी एक टेबल मांडू या. त्यावर शिष्यवृत्तीच्या तारखा, कोणत्या फेरीला काय लागू होतं याची माहिती, निधीची वही आणि जमाखर्च सगळ्यांना वाचता येईल असा. पाचशे लोकांनी फुलं वाहिली आणि त्यातल्या पन्नास जणांनी वहीत नाव लिहिलं, तरी पुढच्या हंगामात एखादी मुलगी तारखेपायी मागे राहणार नाही.

जयभीम!