वेळासचें हजेरीपत्रक

सेवानिवृत्तीनंतर मीं काशीयात्रा करावी असा घरच्या मंडळींचा आग्रह होता. मीं मात्र फाल्गुनांत रत्नागिरी जिल्ह्यांतील वेळासची वाट धरली. बागमांडल्याहून फेरीबोटीनें सावित्रीची खाडी ओलांडून वेसवीस उतरलों, बाणकोटचा किल्ला मागें टाकला आणि माडा-पोफळींच्या सावलींतील ह्या गांवीं पोहोंचलों. नाना फडणविसांचें हें मूळ गांव. पण मला ओढ होती ती तेथील कासवांची.

ऑलिव्ह रिडले जातीची मादी रात्रीं समुद्रांतून वर येते, वाळूंत सुमारें दीड फूट खोल खळगा करून शंभराच्या आसपास अंडीं घालते, वर वाळू लोटते आणि निघून जाते. पूर्वीं हीं अंडीं माणसें नेत. उरलीं तर कोल्हीं-कुत्रीं खात. २००२ सालीं चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेनें ग्रामस्थांच्या साह्यानें रक्षणास आरंभ केला. गांवचे कासवमित्र पहांटे किनारा धुंडाळतात, वाळूवरील माग ओळखून अंडीं कुंपणांत आणतात, तशाच खळग्यांत पुरतात आणि तारीख व संख्या लिहून ठेवतात. पन्नास दिवसांच्या सुमारास पिलें वर येतात. वाळू अधिक तापली तर त्यांत माद्याच अधिक निपजतात!

गीतेंतील स्थितप्रज्ञाचें लक्षण शिकवितांना कासव आपले अवयव आंत ओढून घेतें, असें मीं शेंकडों विद्यार्थ्यांस समजावून दिलें. समुद्रांतील कासवास तसें करतां येत नाहीं, हें मला साठी उलटल्यावर कळलें!

माझें अक्षर बरें म्हणून नोंदवही माझ्या हातीं आली. दुसऱ्या दिवशीं सकाळीं खळग्यांवरील टोपल्या उचलल्या; पिलूं एकही नाहीं. दूरदूरहून आलेले प्रेक्षक हिरमुसले. मीं वही मिटूं लागलों, तों कासवमित्र म्हणाला, “गुरुजी, जागा कोरी नको. शून्य लिहा. पिलें आलीं नाहींत, हीसुद्धां नोंदच आहे.”

तो शब्द माझ्या वर्मीं लागला. नोकरीच्या आरंभीं, तपासणीच्या आदल्या दिवशीं, गैरहजर मुलांपुढें हजेरी मांडण्याची मला आज्ञा झाली होती, आणि मीं ती निमूटपणें पाळली होती. त्यांतील एक मुलगा शाळा सोडून गुरांमागें गेला होता. पत्रकांत तो हजर. मग त्याच्या घरीं चौकशीस कोण जाणार? त्याचा चेहरा मला अजून आठवतो.

मीं शून्य लिहिलें. अशा नोंदी वर्षानुवर्षें सांचल्या म्हणजेच अंडीं कोणत्या महिन्यांत येतात, कोणत्या उन्हाळ्यांत पिलें वांचलीं नाहींत, हें कळूं शकतें. २०२२ च्या जानेवारींत ह्याच किनाऱ्यावर ‘प्रथमा’ नांवाच्या कासवीच्या पाठीवर उपग्रहाशीं संधान साधणारें यंत्र बसविण्यांत आलें. विद्वानांचीं तीं साधनें थोरच. परंतु पहांटे उठून खरें मोजणारा माणूस त्यांनाही लागतोच.

चौथ्या दिवशीं टोपलीखालीं सतरा पिलें निघालीं. पाण्यापासून कांहीं अंतरावर त्यांना सोडलें. अडखळत, उलटत, पुन्हां सांवरत तीं लाटेंत शिरलीं. मीं दोनदां मोजलीं आणि मगच आंकडा लिहिला. वाचकहो, घरीं स्वस्थ बसलेल्या माझ्या वयाच्या मंडळींनीं एकदां तरी हें पत्रक भरून पाहावें. त्यास डोळे, धीर आणि खरेपणा एवढेंच भांडवल पुरतें.