चेंडू हातात नसताना

२०१०-११ च्या मोसमात अमेरिकेतल्या कॉलेज बास्केटबॉलमध्ये सर्वांत जास्त गुण केले ते ब्रिगहॅम यंग युनिव्हर्सिटीच्या जिमर फ्रेडेटने. सामन्यामागे सरासरी २८.९. तीन गुणांच्या रेषेच्या बऱ्याच मागून तो बिनधास्त चेंडू फेकायचा आणि सगळं स्टेडियम उभं राहायचं. सहा वर्षांनी, २०१६-१७ मध्ये, बॉस्टन सेल्टिक्सच्या आयझेया थॉमसने एनबीएत, म्हणजे तिथल्या व्यावसायिक लीगमध्ये, सामन्यामागे गुण केले तेही नेमके २८.९. हे दोघे २०११ च्या एकाच ड्राफ्टमधले, म्हणजे एनबीएच्या संघांनी केलेल्या नव्या खेळाडूंच्या निवडीतले. फ्रेडेट दहावा गेला. थॉमस साठावा, म्हणजे यादीतला अगदी शेवटचा. दोघेही पोचले एकाच संघात, सॅक्रामेंटो किंग्जमध्ये, आणि पहिल्याच मोसमात साठाव्याने दहाव्याला मागे टाकलं.

कॉलेजच्या मुलांच्या टेपा बघायच्या आणि त्यांच्यावर अहवाल लिहायचे, हा माझा धंदा. या कामात कोणी नवीन आलं की मी त्याला आधी २०११ ची यादी पाठ करायला लावते. पहिला कायरी अर्व्हिंग. पायाच्या बोटाच्या दुखापतीमुळे तो ड्यूककडून जेमतेम ११ सामने खेळला होता. अकरावा क्ले थॉम्पसन. पंधरावा कवाय लेनर्ड. तिसावा जिमी बटलर. ड्राफ्टच्या त्या रात्री बड्या बड्या संघांना काही दिसलंच नाही असं लोक म्हणतात, ते मला पटत नाही. दिसलं सगळ्यांना सगळंच. फ्रेडेट गुण करतो हे खरंच होतं, थॉमस बुटका आहे हेही खरंच होतं. प्रश्न चुकीचा विचारला गेला.

माझी मावशी दर जूनमध्ये ड्राफ्टबद्दल फोनवर विचारते, "म्हणजे आयपीएलचा लिलावच ना गं?" तसं नाही. लिलावात ज्याच्या खिशात पैसा, तो बोली चढवतो. इथे बोलीच नसते. ३० संघ, दोन फेऱ्या, पाळीपाळीने एकेक नाव. आदल्या मोसमात तळाला राहिलेल्याला आधी निवडता यावं हे तत्त्व. पण त्या लोभाने कोणी मुद्दाम हरू नये म्हणून १९८५ पासून वरच्या क्रमांकांसाठी सोडत निघते. आज सगळ्यात वाईट तीन संघांनासुद्धा पहिल्या क्रमांकाची शक्यता प्रत्येकी १४ टक्केच. २०२५ मध्ये डॅलसची शक्यता १.८ टक्के होती आणि सोडत लागली त्यांनाच. त्यांनी ड्यूकचा अठरा वर्षांचा कूपर फ्लॅग उचलला. पहिल्या फेरीतल्या मुलाचा पगारही क्रमांकाप्रमाणे बांधलेला. त्यामुळे कमी पैशात चांगला माल, असला हिशोब इथे चालत नाही. एका फेरीत पाळी एकदाच येते.

आता प्रश्नाकडे. कॉलेजात कोण चांगला हा नव्हे, तर त्यातलं एनबीएत काय टिकेल, हा खरा प्रश्न. कॉलेजचा खेळ आणि एनबीएचा खेळ दिसायला एकच. तीच दहा फुटांवरची बास्केट, तेच मैदान. पण कॉलेजात सामना ४० मिनिटांचा, इकडे ४८. कॉलेजात फेक करायला ३० सेकंद मिळतात, इकडे २४. तीन गुणांची रेषा इकडे मधोमध २३ फूट ९ इंचांवर. कॉलेजात २०११ साली ती २० फूट ९ इंचांवर होती, आता थोडी मागे नेली आहे. आणि बाहेरच्यांच्या सहसा लक्षात न येणारी गोष्ट म्हणजे कॉलेजात उंच सेंटर बास्केटखाली ठाण मांडून बसू शकतो. एनबीएत समोर प्रतिस्पर्धी नसताना तिथे तीन सेकंदांपेक्षा जास्त थांबलात की दंड. त्यामुळे कॉलेजात गर्दीत अडकणारा एखादा गार्ड इकडे मोकळ्या रस्त्यावरून सुटतो, आणि कॉलेजात झोन बचावाच्या आडोशाला सुखाने उभा राहणारा मुलगा इकडे उघडा पडतो. इथे समोरचा संघ तुमचा सगळ्यात कच्चा बचावपटू हेरतो आणि स्क्रीन लावून लावून, म्हणजे बचावपटूंची वाट अडवून, त्यालाच पुन्हा पुन्हा पुढ्यात आणतो.

याहूनही मोठा फरक चेंडूचा. कॉलेजातला सर्वोत्तम मुलगा ही माहेरची लाडकी लेक असते. एनबीएत आल्याबरोबर ती धाकटी सून होते. चेंडू ज्यांच्या हातात राहायचा ते आधीच ठरलेले असतात, त्यांना कोट्यवधी डॉलर मिळत असतात. नव्या मुलाच्या वाट्याला येतं ते त्यांच्या आजूबाजूचं काम. फ्रेडेटचे गुण चेंडू सतत त्याच्या हातात असण्यातून आलेले होते. त्याच वर्षी वॉशिंग्टन स्टेटच्या क्ले थॉम्पसननेही सामन्यामागे वीसच्या वर गुण केले होते, पण त्याच्या टेपा लावल्या की तो पळताना दिसायचा: स्क्रीनच्या आडून, कोपऱ्यातून, आणि चेंडू हातात येण्याआधीच पाय बास्केटकडे वळलेले. ५ डिसेंबर २०१६ ला त्याने इंडियानाविरुद्ध २९ मिनिटांत ६० गुण केले. त्या सबंध वेळात चेंडू त्याच्या हातात एकूण दीड मिनिट होता आणि त्याने ड्रिबल केले अकरा. हा सामना मी नव्या लोकांना दाखवते आणि विचारते, यातलं किती २०११ मध्ये दिसत होतं? जवळजवळ सगळंच.

म्हणून एखादी टेप पहिल्यांदा बघताना मी चेंडूकडे बघतच नाही. मुलाने पास दिला, की पुढचे दोन सेकंद बघते. काही मुलं पास देऊन कमरेवर हात ठेवतात, काम संपलं. काही लगेच कोपऱ्याकडे सरकतात, आपल्या बचावपटूला मागे ओढून नेतात आणि दुसऱ्यासाठी वाट मोकळी करतात. गुणफलकावर याची कुठेच नोंद होत नाही.

बचावात याहून बारीक बघावं लागतं. समजा, ज्याच्यावर आपल्या मुलाचं लक्ष हवं तो खेळाडू मैदानाच्या पलीकडच्या बाजूला उभा आहे आणि चेंडू अलीकडे. अशा वेळी आपल्या मुलाने बास्केटच्या दिशेने आत यायचं, चेंडू आणि आपला माणूस दोन्ही नजरेत राहतील असं तिरकं उभं राहायचं. आता चेंडू हवेतून पलीकडे फेकला जातो. नेमक्या त्या क्षणाला, चेंडू फेकणाऱ्याच्या बोटांतून सुटताना, मी टेप थांबवते आणि मुलाची कंबर कुठे वळली आहे ते बघते. चांगल्या मुलाची कंबर आधीच अर्धी वळलेली असते. पास कुठे जाणार हे त्याला फेकणाऱ्याच्या खांद्यावरून कळलेलं असतं. मग तो धावतो, पण शेवटची पावलं आखूड टाकतो, वजन मागे ठेवतो, एक हात वर करतो. कच्चा मुलगा सुसाट जाऊन अंगावर उडी मारतो, नेमबाज शांतपणे एक ड्रिबल करून त्याच्या बगलेतून निघून जातो, आणि प्रेक्षक म्हणतात, काय जीव तोडून खेळतो पोरगा!

हे सगळं शिकवता येतं. पण एकोणिसाव्या वर्षी ज्याला ते उपजत येतं त्याचं नाव मी वहीत खूण करून ठेवते. मार्केट युनिव्हर्सिटीच्या बटलरच्या टेपांत हे जागोजागी होतं. त्याचे आकडे डोळे दिपवणारे नव्हते, चेंडू मात्र तो क्वचितच गमवायचा. तिसावा क्रमांक!

मी आकड्यांच्या विरुद्ध नाही. आकड्यांवरच माझं पोट आहे. पण कॉलेजचा मोसम साधारण ३५ सामन्यांचा, आणि त्यात एखादा मुलगा तीन गुणांच्या दीडशे-पावणेदोनशे फेकी करतो. १६० फेकी धरा. एकाचं यश ३८ टक्के, दुसऱ्याचं ३३. वर्तमानपत्रात पहिला नेमबाज ठरतो, दुसरा संशयित. प्रत्यक्षात फरक आठ फेकींचा. चार महिन्यांत आठ चेंडू कडीवरून आत पडले की बाहेर, यावर कोणाच्या नेमबाजीचा निकाल लावायचा? म्हणून आम्ही फ्री थ्रो बघतो. पंधरा फूट अंतर, समोर कोणी नाही, घाई नाही. हाताला वळण आहे की नाही ते तिथे कळतं, आणि पुढे एनबीएत तो लांबून कसा मारेल याचा अंदाजही त्यावरून बरा बांधता येतो. सॅन डिएगो स्टेटच्या लेनर्डने दोन वर्षांत तीन गुणांच्या फेकी चारांत एक या प्रमाणात घातल्या होत्या. फ्री थ्रो मात्र चारांत तीन. हातांचे पंजे अवाढव्य, सामन्यामागे दहा रिबाउंड, आणि सरावाचं वेड. सॅन अँटोनियोने ड्राफ्टच्या रात्री आपला आवडता गार्ड जॉर्ज हिल इंडियानाला देऊन त्याला मिळवलं. त्यांच्याकडे चिप एंगलंड नावाचे नेमबाजीचे प्रशिक्षक होते. त्यांनी त्याच्या हाताची ठेवण बदलली. पहिल्याच मोसमात लेनर्डने लांबून ३७ टक्क्यांच्या वर यश मिळवलं. २०१४ मध्ये तो अंतिम मालिकेचा सर्वोत्तम खेळाडू होता.

इथेच आमच्या धंद्यातली सगळ्यात अवघड गोष्ट येते: मुलाचं मोल संघापासून वेगळं काढता येत नाही. हाच लेनर्ड दुसऱ्या कुठल्या तरी विस्कटलेल्या संघात गेला असता तर? मी अहवालाच्या शेवटी 'कुठे जावा' असा एक परिच्छेद लिहिते. तो फारसा कोणी वाचत नाही, कारण वाचणारा एकाच संघाचा असतो.

मे महिन्यातल्या शिकागोच्या चाचण्यांचं मला फार कौतुक नाही. अनवाणी उंची, हातांचा पसारा, उभ्याने हात किती वर पोचतो, उडी, धाव. मोजावं जरूर, हातांचा पसारा तर उंचीहून महत्त्वाचा. पण २००७ च्या चाचणीत टेक्ससच्या केव्हिन ड्युरँटला ८४ किलोंचं वजन बेंच प्रेसवर एकदाही उचलता आलं नव्हतं, आणि त्याने पुढे काय केलं हे सांगायला नको. त्याच्या आधी पोर्टलँडने घेतलेल्या ग्रेग ओडेनबद्दल आजही विनोद होतात. ते मला अन्यायाचे वाटतात. ओडेन खरोखर अफाट होता. गुडघ्यांनी त्याला एनबीएत १०५ सामन्यांपलीकडे खेळू दिलं नाही. खरी परीक्षा वैद्यकीय कागदांची, आणि तिथे डॉक्टरही पैज लावल्यासारखंच बोलतात. कॅन्ससच्या जोएल एम्बीडच्या पायावर ड्राफ्टच्या आठवडाभर आधी शस्त्रक्रिया झाली. फिलाडेल्फियाने तरीही त्याला तिसरा घेतला, तो दोन मोसम एक मिनिटही खेळला नाही, आणि २०२३ मध्ये तो लीगचा सर्वोत्तम खेळाडू झाला.

उंची शिकवता येत नाही, असं आमच्याकडचे जुने लोक ऐकवतात. २०१५ मध्ये डॅलसने पंजाबच्या सतनाम सिंगला ५२ वा घेतला तेव्हा त्याच्या सव्वासात फुटांच्या आसपासच्या देहावरच सगळी भिस्त होती. त्याची कॉलेजची टेपच नव्हती, फ्लोरिडाच्या अकादमीतून तो थेट आला होता. एनबीएच्या मोसमात त्याला एकही सामना मिळाला नाही. उलट टोकाला आयझेया थॉमस, पाच फूट नऊ इंच. मार्च २०११ मध्ये पॅक-१० च्या अंतिम सामन्यात जादा वेळेच्या शेवटच्या क्षणी उडी घेत त्याने टाकलेल्या चेंडूवर वॉशिंग्टनने ॲरिझोनाला हरवलं. हरलेल्या संघातला डेरिक विल्यम्स ड्राफ्टमध्ये दुसरा गेला. थॉमसच्या उंचीची धास्ती निराधार होती असं मात्र मी म्हणणार नाही; बचावात समोरचे संघ त्याला शेवटपर्यंत छळत राहिले, आणि कंबरेच्या दुखापतीनंतर त्याला तो वेग परत मिळाला नाही. फक्त या सगळ्यासकट तो साठाव्या क्रमांकाच्या लायकीचा नव्हता. फ्रेडेटबद्दल सांगायचं तर तो चीनमध्ये शांघायकडून खेळायला गेला. चेंडू पुन्हा त्याच्याच हातात आला आणि त्याने एका सामन्यात ७३ गुण केले.

गेल्या काही वर्षांत मात्र सगळं गणितच बदललं आहे. जुलै २०२१ पासून कॉलेजच्या खेळाडूंना स्वतःच्या नावावर जाहिरातींतून पैसे मिळवता येतात, २०२५ पासून कॉलेजं थेटही देऊ शकतात. दुसऱ्या फेरीत जाऊन हमी नसलेला करार घेण्यापेक्षा कॉलेजात आणखी एक वर्ष काढणं अनेकांना परवडतं. मुदतीआधी ड्राफ्टसाठी नाव देणारे २०२१ मध्ये साडेतीनशेच्या वर होते, २०२५ मध्ये शंभराच्या थोडे वर. परिणाम असा की एकोणीस वर्षांच्या पोरासमोर आता तेवीस वर्षांचा बाप्या उभा असतो, आणि दोघांचे आकडे सारखेच. तेविशीतल्याने एकोणिशीतल्यांना ढकलून मिळवलेले रिबाउंड मी सरळ कमी करून वाचते. सोळा वर्षांखालच्या स्पर्धेत रोज दाढी करणारे खेळाडू बघत आपल्याकडे जी वाढली, तिला हे वेगळं शिकवावं लागत नाही.

दुसऱ्या फेरीसाठी माझा सल्ला याच्या उलट असतो. तिथे कोवळा, पाच वर्षांनी फुलेल असा मुलगा घेऊन उपयोग नाही. तितका वेळ त्याला कोणी देत नाही. तिथे तीन-चार वर्षं कॉलेजात घासलेला, पहिल्या दिवशी काय करायचं ते ठाऊक असलेला हवा. मिशिगन स्टेटचा ड्रेमंड ग्रीन २०१२ मध्ये ३५ वा गेला. व्हिलानोव्हाला दोनदा विजेतेपद मिळवून देणाऱ्यांतला जेलन ब्रन्सन २०१८ मध्ये ३३ वा. अशा मुलांच्या सामन्यांना फेब्रुवारीत गेलं की स्काउटांच्या रांगेत ऐसपैस बसायला मिळतं. बाकीचे एकोणिशीतल्या कोणाला तरी बघायला दुसऱ्या शहरात गेलेले असतात.